माउस आहे म्हणतंय

वेंडेल स्कोगनची शवपेटी चर्चमध्ये वेदीच्या पायरीशी ठेवली होती. झाकण उघडं होतं. शेजारी घडीच्या टेबलावर वेंडेलचा लॅपटॉप होता, तोही उघडा. दोघंही गप्प होते. वेंडेलचं समजण्यासारखं होतं. लॅपटॉपला मात्र बोलण्यासाठीच आणलेलं होतं.

वरच्या पांढऱ्या पडद्यावर लॅपटॉपमधलं चित्र पडलं होतं. निळ्या रंगावर एकच मोठं बटन आणि त्याच्यावर लिहिलेलं, ‘मर्लिस, इथे क्लिक कर.’ शेवटच्या आजारपणात, बसण्याइतकी ताकद असेल त्या दिवशी, वेंडेल हे बनवत असे. आत फोटो होते आणि त्याचा आवाज होता. काय बोललाय ते त्याने कुणालाच ऐकवलं नव्हतं, बायकोलाही नाही. “त्या दिवशी ऐकशील,” एवढंच म्हणाला होता. तो दिवस आज उजाडला होता. बाहेर गुडघाभर बर्फ होता, अर्धं बर्च पॉइंट गाव काळे कपडे घालून बाकांवर बसलं होतं, आणि पडद्यावर त्या बटनावर टेकलेला बाण जागचा हलत नव्हता.

टेबलापाशी लायल हाउगेन आणि केर्मिट पेल्टो उभे होते. लायल शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, केर्मिट विजेच्या खांबांवर आयुष्य काढलेला. वेंडेलचे हे दोन जिवलग मित्र. तिघं मिळून गावाचं लिनक्स मंडळ होतं. दर महिन्याला ग्रंथालयाच्या तळघरात बैठक भरायची, कॉफी व्हायची आणि भांडण व्हायचं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली; ते फुकट मिळतं, पण त्याच्यात पंथ असतात. लायलचा पंथ वेगळा, केर्मिटचा वेगळा, आणि कोणता खरा यावरून दोघांचं इतकं फाटलं होतं की बरीच वर्षं ते एकमेकांशी फक्त वेंडेलमार्फत बोलत. आता वेंडेल नसल्यामुळे त्यांना चर्चची धर्मगुरू पास्टर जोअ‍ॅन वापरावी लागत होती.

“पास्टर, त्याला विचारा, माउसखालचा दिवा लागतोय का,” लायल म्हणाला.

केर्मिट त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याने माउस उलटा करून पाहिला. “पास्टर, सांगा त्याला, लागतोय.”

“लागतोय म्हणतात,” पास्टर जोअ‍ॅन म्हणाली. तिचा हा पहिलाच अंत्यविधी नव्हता, पण असा पहिलाच होता.

पहिल्या बाकावरून मर्लिस उठून आली. वेंडेलची बायको. रडून झालेलं होतं आणि आता तिचा चेहरा घट्ट होता. तिने आवाज खाली आणला.

“लायल, एक सांगते. जन्मभर हे गाव त्याच्या कॉम्प्युटरला हसलं. ग्रंथालयाचा प्रिंटर अडला की वेंडेलचं फुकटचं यंत्र. मासेमारीच्या गळांच्या दुकानातला गल्ला उघडला नाही की वेंडेलचं फुकटचं यंत्र. मीसुद्धा हसले. बाकीच्यांपेक्षा जास्त हसले. आज एक दिवस ते चालू दे. त्याच्यासमोर आज कुणी हसायला नको.”

“कुणी हसत नाहीये, मर्लिस.”

“म्हणून तर भीती वाटते. मनातल्या मनात हसतायत.”

तिचं खरं होतं. वेंडेल गावाच्या पाणीपुरवठ्यावर होता आणि जिथे म्हणून नळ दुरुस्त करायला जाई तिथे लिनक्स घालून येई. चर्चमध्येही त्याने घातलं होतं, फक्त कार्यालयातला एक कॉम्प्युटर सोडून. तो डोरीन क्वामचा. डोरीन चर्चची सचिव आणि तळघरातल्या स्वयंपाकघराची सर्वाधिकारी. “माझ्या कॉम्प्युटरला हात लावलास तर तुझ्या मयताचं जेवण मी करणार नाही,” असं ती वेंडेलला म्हणाली होती. वेंडेलने हात लावला नाही, आणि आज ती शब्दाला जागून खाली हॅमचे सँडविच रचत होती.

वाचकाला वाटेल, माउस हलत नाही तर कीबोर्डवरचं एखादं बटन दाबावं. ते वेंडेललाही सुचलं होतं, म्हणून त्याने कीबोर्डला कुलूप घातलं होतं. मर्लिसने कीबोर्डला हात लावला की काहीतरी बंद पडतं, हा त्याचा संसारभराचा अनुभव. तेव्हा माउसची एक क्लिक सोडून दुसरं काही चालू नये अशी त्याने व्यवस्था केली होती. लॅपटॉपला स्वतःची बोट फिरवायची पट्टी होती, पण मनगट लागून बाण उडतो म्हणून तिची वायर वेंडेलने केव्हाच उपटली होती. मित्रांसाठी तेवढी एक चोरवाट ठेवलेली होती. चार कळा एकदम दाबल्या की एक काळी खिडकी उघडे. तिच्यात कॉम्प्युटरला प्रश्न विचारता येत. बदल मात्र काही करता येत नसे, कारण त्याला पासवर्ड लागे, आणि पासवर्ड वेंडेलबरोबर गेला होता.

लायलने काळी खिडकी उघडली, कॉम्प्युटरला काय काय जोडलंय त्याची यादी मागवली आणि चष्मा वर करून वाचली.

“माउस आहे म्हणतंय.”

“माउस आहे ते मलाही दिसतंय,” पास्टर म्हणाली. “मीच आणला तो. वेंडेलच्या पिशवीत नव्हता, म्हणून कार्यालयातून आणला.”

“तसं नाही, पास्टर. कॉम्प्युटरला माउस दिसतोय.”

“मग हलत का नाही?”

“तेच तर बघायचंय,” लायल म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर, शवपेटी शेजारी असतानाही, किंचित समाधान आलं. यंत्र सरळ चाललं असतं तर ते त्याला दिसलं नसतं.

लॅपटॉपच्या बाजूला टिकलीएवढा रिसीव्हर खोचलेला होता. बिनवायरच्या माउसचा निरोप तीच टिकली कॉम्प्युटरला पोचवते. ती जागेवर होती, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. लायलने ती उपटली. काळ्या खिडकीत एक ओळ उमटली.

“माउस गेला,” लायलने वाचलं.

टिकली परत खोचली. दुसरी ओळ उमटली.

“माउस आला.”

पुन्हा उपटली. “माउस गेला.” पुन्हा खोचली. “माउस आला.” लायलचा आवाज वर्गात शिकवल्यासारखा खणखणीत होता, आणि तिसऱ्या खेपेला मागच्या बाकावरच्या एका म्हातारीने सवयीने ‘आमेन’ म्हटलं.

“पास्टर, त्याला म्हणावं, चूक त्या पंथातच आहे,” केर्मिट म्हणाला. “वेंडेलने शेवटी त्याचं ऐकलं. माझं लिनक्स असतं तर हा माउस आतापर्यंत नाचला असता.”

“त्याला म्हणावं, त्याच्या लिनक्सवर घरचा प्रिंटर अजून चालत नाही.”

“प्रिंटरचा संबंध काय इथे?”

हे तो पास्टरला न सांगता थेट लायलला बोलला. दोघेही दचकले आणि परत पास्टरकडे वळले.

पास्टर जोअ‍ॅन व्यवहारी बाई. “असं करू या का, मी घरून दुसरा माउस आणते. माझं घर समोरच आहे. किंवा तुमच्यापैकी कुणाकडे असेल गाडीत.”

दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने बायबलच्या जागी टेलिफोनची डिरेक्टरी आणायची म्हटलं होतं. दोघांकडेही माउस नव्हता. माउस वापरणं हे शिकाऊ माणसाचं लक्षण, यावर त्या दोन पंथांचं एकमत होतं. किंबहुना तेवढ्या एकाच गोष्टीवर होतं.

“दुसरा माउस चालेलही,” लायल समजूत घालत म्हणाला, “पण मग हा का चालला नाही ते कधीच कळणार नाही.”

“न कळलं तर?”

 हा प्रश्न लिनक्स मंडळात आजवर कुणी विचारलाच नव्हता.

केर्मिटने माउस पुन्हा उलटा धरला. बटनातच खोट असणार असं त्याला वाटू लागलं होतं. दिव्याकडे बघत त्याने अंगठ्याने डावं बटन दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक, टक.

बाकांवर सगळ्यांच्या खिशांतून एकदम घुर्र असा आवाज झाला. गावकऱ्यांनी खाली मान घालून, मयताला दिसू नये अशा बेताने फोन काढले. डोरीनचा निरोप होता. ‘जेवण कमी पडेल असं वाटतंय. जमेल त्यांनी आणखी एक हॉटडिश आणावी.’ हाच निरोप सकाळीही आला होता, आणि लोक त्याप्रमाणे खिमा, बटाटे आणि डब्यातलं मश्रूम सूप ओव्हनमध्ये भाजून, मोठमोठी भांडी भरून घेऊन आले होते. आता पुन्हा आला, तोही तीनदा. कुणी कुणाला काही विचारलं नाही. डोरीन आणा म्हणाली की आणायची; तिला ‘का’ असं विचारणारा माणूस बर्च पॉइंटमध्ये जन्मला नव्हता. मागच्या तीन बाकांवरची माणसं हळूच उठली, जाड कोट चढवले आणि पावलांचा आवाज न करता बर्फात निघून गेली; तिथे प्रत्येक घरच्या फ्रीझरमध्ये एक तयार हॉटडिश असतेच.

“बटन वाजतंय,” केर्मिट म्हणाला. “पण कॉम्प्युटर ऐकत नाही.” आणि खात्रीसाठी त्याने आणखी चार वेळा दाबलं.

पुन्हा घुर्र झालं. आता मधले बाक उठले. गळाच्या दुकानाचा मालक उठला, ग्रंथपालबाई उठली. वेंडेलच्या सख्ख्या भावाने घड्याळ बघितलं, बायकोच्या कानात काहीतरी पुटपुटला, आणि तीही दोघं कोट घालून निघाली.

मर्लिसने मागे वळून पाहिलं. अर्धं चर्च रिकामं झालं होतं. तिच्या हातातला रुमाल पिळला गेला. पडद्यावर ‘मर्लिस, इथे क्लिक कर’ तसंच होतं, घरच्या माणसाने हाक मारावी आणि आपल्याला जाता येऊ नये तसं.

“लोक उठून चाललेत, लायल,” ती म्हणाली.

“बाहेर गाडी गरम करायला जात असतील.”

“सगळे? त्याचा भाऊसुद्धा?” तिचा आवाज फुटला. “कंटाळले ते. त्याच्या मयतालासुद्धा त्याचा कॉम्प्युटर चालत नाही म्हणून कंटाळले. जाऊ दे. बंद करा. पास्टर, झाकण लावायला सांगा.”

लायलला वाईट वाटलं. इतका वेळ तो माउसमधली खोट शोधत होता. त्या बटनामागे वेंडेल होता हे तो विसरला होता. त्याने केर्मिटकडे पाहिलं आणि पास्टरला मध्ये न घेता म्हणाला, “केर्मिट, काय करू या रे?”

“मला ठाऊक नाही,” केर्मिट म्हणाला. मंडळाच्या इतिहासात हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. लायलने मान डोलावली, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं. असे ते दोघं एका पंथाचे झाले.

तेवढ्यात तळघराच्या जिन्यावरून डोरीन क्वाम वर आली. एप्रन बांधलेला, हातात भांडी उचलायचे जाड मोजे, तोंड लालबुंद. तिच्यामागे मघाशी गेलेली मंडळी दबक्या पावलांनी परत येऊन बाकांवर बसत होती. बर्फाचा आणि भाजलेल्या चीजचा वास एकदमच आत आला.

“माझ्या नावाने निरोप कोण पाठवतंय?” डोरीनने विचारलं. चर्चमध्ये बोलायच्या आवाजातच विचारलं, पण तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. “खाली हॉटडिश ठेवायला जागा उरली नाही. पियानोवर ठेवल्यात. मुलांच्या पाळण्यात ठेवल्यात. त्याचा भाऊ आत्ता दोन घेऊन आला, एक अजून बर्फासारखी गार आहे. मी सकाळी एकदा निरोप पाठवला. एकदा. कार्यालयात जाऊन बघते तर पडद्यावर तेच पान उघडं, बाण ‘पुन्हा पाठवा’वर बसलेला, आणि माउस जागेवर नाही.”

मग तिची नजर केर्मिटच्या हाताकडे गेली.

“तो माझा माउस आहे.”

“पास्टरने दिला,” केर्मिट म्हणाला.

“पास्टरने काहीही दिलं तरी त्याची टिकली माझ्या कॉम्प्युटरला आहे. भिंतीच्या पलीकडे. इथे तुम्ही टकटक करता आणि तिथे गावभर निरोप जातात.”

 इतका वेळ तो माउस उत्तम चालला होता. फक्त ज्या एका कॉम्प्युटरला वेंडेलने कधी हात लावला नव्हता, त्याच्यावर चालला होता. केर्मिटने माउस दोन्ही हातांनी डोरीनला परत दिला.

लायल मात्र लॅपटॉपच्या बाजूला खोचलेल्या टिकलीकडे बघत राहिला. मग काळ्या खिडकीतली यादी त्याने पुन्हा एकदा वाचली, या वेळी सावकाश.

“माउस आहे म्हणतंय,” तो म्हणाला.

“अरे, आत्ताच सांगितलं ना तिने,” केर्मिट म्हणाला.

“हा नाही. वेंडेलचा. ही टिकली वेंडेलच्या माउसची आहे. तो कुठेतरी असणारच. मर्लिस, त्याचा माउस कुठंय?”

मर्लिसने त्याच्याकडे पाहिलं. मग शवपेटीकडे पाहिलं.

“मी दिला त्याला,” ती म्हणाली. “त्याच्या कोटाच्या खिशात घातलाय. रात्रंदिवस हातात असायचा, लग्नाच्या अंगठीपेक्षा जास्त. रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मला वाटलं माउस म्हणजे माउस. इथे दुसरा कुठलाही चालेल. चमचे नाही का चालत.”

लायलने, टोपी नव्हती तरी, ती काढायला डोक्याकडे हात नेला. केर्मिटने खाली पाहिलं. इतका वेळ कॉम्प्युटर एकच गोष्ट सांगत होता आणि ती अक्षरशः खरी होती. माउस होता. साडेतीन हातांवर, निळ्या सुटाच्या उजव्या खिशात होता.

“काढावा लागेल,” पास्टर हळूच म्हणाली, आणि हे कुणी करायचं ते तिने सांगितलं नाही. लायलने केर्मिटकडे पाहिलं, केर्मिटने लायलकडे. जन्मभर वेंडेलच्या कॉम्प्युटरच्या आत हात घातला होता त्यांनी, पण खिशात घालायची छाती होईना.

“सरका,” मर्लिस म्हणाली.

ती पेटीपाशी गेली. आधी तिने त्याची कॉलर सरळ केली, कारण ती वाकडी होती आणि कुणालाच दिसली नव्हती. मग खिशापाशी हात नेला, पण आत घालवेना. एकदा दिलेलं परत कसं घ्यायचं. तिने नुसता खिशावर हात ठेवला आणि तो कामावर निघताना थोपटायची तसं दोनदा थोपटलं.

“येते रे,” ती म्हणाली. “नाही चालला तर नाही चालला. मी नाही हसत आता.”

खिशात टक असा आवाज झाला.

पडद्यावरचं बटन दबलं. निळा रंग गेला आणि तरुण वेंडेल एका गोठलेल्या तळ्यावर मोठा मासा धरून उभा राहिला. शेजारी मर्लिस, माशाकडे नाही, त्याच्याकडे बघत. मग चर्चभर त्याचा घोगरा आवाज आला.

“मर्लिस, लागलं ना? तुलाच लागणार हे माहीत होतं मला. लायल आणि केर्मिट अजून कारण शोधत असतील. शोधू दे. लायल, केर्मिट, तुम्ही आता एकमेकांशी थेट बोला रे, मला किती दिवस मध्ये घालाल? आणि डोरीन, जेवणाबद्दल आभार. लोकांना सांग, भरपूर खा. कमी पडणार नाही याची मला खात्री आहे.”

सगळं चर्च हसलं. डोरीनही हसली आणि तिने हातातल्या जाड मोज्याने डोळे पुसले. मर्लिसने बाकांकडे वळून पाहिलं. माणसं हसत होती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही, कारण लोक त्याच्या कॉम्प्युटरला हसत नव्हते.

माउस कुणी काढला नाही. प्रार्थना झाली, झाकण लागलं, आणि सहा जणांनी पेटी उचलली. लॅपटॉप तसाच चालू होता. शेवटच्या फोटोवर पडद्यावरचा बाण सावकाश हलू लागला. उचलणाऱ्यांच्या पावलागणिक थोडा थोडा, एका बाजूला. पेटी दारापाशी गेली तेव्हा तो पडद्याच्या कडेशी पोचला होता. मग थांबला.

जमीन गोठलेली असल्यामुळे पुरणं बर्फ वितळल्यावरच व्हायचं होतं. तोवर पेटी दफनभूमीतल्या दगडी खोलीत राहणार होती. खाली तळघरात लोक हॉटडिशवर तुटून पडले, तरी प्रत्येकाला घरी दोन न्याव्या लागणार हे उघड होतं. लायल आणि केर्मिट एकाच टेबलावर बसून भांडत होते, थेट. मर्लिस ताट घेऊन त्यांच्यापाशी आली.

“बॅटरी किती दिवस टिकते रे त्याची?”

“माउसची?” केर्मिटने हिशेब केला. “सेल नवा असेल तर उन्हाळ्यापर्यंत. हा केव्हा घातलेला?”

“काल मीच घातला.”

लायलने लॅपटॉप मांडीवर घेतला होता. टिकली अजून खोचलेलीच होती. त्याने काळी खिडकी उघडून यादी मागवली, वाचली, आणि थोडा घुटमळला. यादीत नाव दिसतं ते टिकलीमुळे, माउस दोन मैलांवर असला तरी. हे तिला समजावून सांगावं की नाही त्याला कळेना.

“काय म्हणतंय?” मर्लिसने विचारलं.

“माउस आहे म्हणतंय. पण मर्लिस, त्याचं असं असतं की...”

“असेल तर असेल,” मर्लिस म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव हॉटडिश वाढली. “त्याचा कॉम्प्युटर चुकत नाही.”